व्हॅम्पायर इंदूरला आला तर उतरणार कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: व्हॅम्पायरवर मराठी कादंबरी लिहायला घेतलीय, तो इंदूरला येतो, पण चाळीस पानं झाली तरी नुसता राजवाडा, सराफा बाजार, छप्पन दुकान असा फिरतोय, मित्र वाचून म्हणाले हे टुरिझमचं ब्रोशर झालंय. तर कथांमधले व्हॅम्पायर एवढे हिंडतात कशाला, ते हिंडणं काढून टाकू का, आणि मुळात हा प्राणी आपल्या इंदुरात बसतो का?

मी भयकथा लिहिते, दिवाळी अंकांसाठी दुसऱ्यांच्या तपासते, आणि बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना रात्रीचं जुनं इंदूर पायी दाखवण्याचं कामही बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा लांबड लावते.

हिंडणं काढू नकोस रे. ते काढलंस तर हातात फक्त दात उरतील. मित्र ब्रोशर म्हणतात ते खरं आहे, पण त्याचं कारण असं की तुझ्या व्हॅम्पायरला इंदूरकडून काही लागतच नाही. तो बघतो, त्याला आवडतं, तो पुढे जातो. एवढं तर सकाळी महाकालचं दर्शन करून दुपारी उज्जैनहून इंदूरला टेकणारा कुठलाही पर्यटक करतो. चांगल्या कथांमधला व्हॅम्पायर शहरात अतिशय गरजू असतो. त्याला घर लागतं, गाडी लागते, कागदपत्रं लागतात, चेहरे कुणी लक्षात ठेवत नाही इतकी गर्दी लागते, कुणीतरी दार उघडून 'या' म्हणावं लागतं, आणि हे सगळं ठरावीक तासांच्या आत उरकावं लागतं. त्याच्या भटकण्याचा रूट या गरजांमधून निघतो, बघण्यासारखं काय आहे त्यातून नाही.

खरं तर हा प्राणी आधी भटक्या नव्हताच. सर्बियातल्या किसिल्येवो गावचा पेटर ब्लागोयेविच, ज्याची १७२५ सालची हकीकत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं वर कळवली आणि पुढे युरोपभर गाजली, तो मेल्यावर आपल्याच गावातल्या लोकांच्या उरावर बसायचा म्हणे. नातेवाईक, शेजारी, फार तर पलीकडची आळी, गावाबाहेर त्याला काही काम नव्हतं. त्याला तिकीट काढून दिलं ते जॉन पोलिडोरीनं. हा कवी बायरनचा डॉक्टर, १८१६ च्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर जिनिव्हाच्या तळ्याकाठी मुक्कामाला होता, आणि आदल्या वर्षी तिकडे तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे त्या साली उन्हाळा असा झालाच नाही, नुसता गारठा आणि पाऊस. म्हणजे हिंडायला आलेली मंडळी घरात अडकून पडली आणि वेळ जाईना म्हणून भुताच्या गोष्टी रचायला लागली. त्यातून पुढे १८१९ मध्ये पोलिडोरीची गोष्ट छापून आली (मासिकवाल्यांनी ती बायरनच्या नावावर खपवली, ते असो) आणि तिच्यातला लॉर्ड रुथवेन हा पहिला सुटाबुटातला व्हॅम्पायर. तो लंडनच्या पार्ट्यांमध्ये भेटतो, ऑब्री नावाच्या श्रीमंत पोराला बरोबर घेऊन युरोपच्या सहलीला निघतो, ऑब्री रोमला त्याची साथ सोडून एकटा ग्रीसला जातो, तिथले पडके दगड बघत फिरतो, तर हा तिथेही हजर. तेव्हाच्या इंग्रज घरांतून शिक्षण संपलं की पोरांना अशी टूर करायला पाठवायचे, तिच्यातच हा चोरासारखा घुसलाय. भुताची भीती आणि परक्या देशात भेटलेल्या गोडबोल्या सोबत्याची भीती, दोन्ही एकात.

हे साल आपल्याकडे लावून बघ. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली, महूला इंग्रजांची छावणी पडली. लंडनमध्ये रुथवेन छापला जात होता तेव्हा गोरे साहेब इथे वीस-पंचवीस किलोमीटरवर तंबू ठोकत होते. तुझा व्हॅम्पायर परदेशी हवाच असेल तर त्याला विमानातून उतरवण्यापेक्षा हा दरवाजा वापर, फुकटात दोनशे वर्षं मिळतात.

रुथवेननंतरचा व्हार्नी, १८४५ ते १८४७ लंडनमध्ये हप्त्याहप्त्यानं विकला गेलेला, तो शेवटी जगण्याला कंटाळून व्हेसुव्हियसवर जीव द्यायला जातो आणि तिथेही रीतसर गाईड करतो, त्याला पैसे देतो, मग उडी मारतो. स्वतः गाईडगिरी करत असल्यामुळे मला त्या गाईडची फार दया येते, एकच गिऱ्हाईक आणि खाली एकट्यानंच उतरायचं.

पण अभ्यास करायचा तो ड्रॅक्युलाचा, कारण तो टुरिस्ट नाहीच, घर घेऊन राहायला येणारा माणूस आहे. ब्रॅम स्टोकरनं १८९७ च्या त्या कादंबरीत त्याची तयारी किती बारकाईनं लिहिलीय ते फक्त त्याच नजरेनं एकदा परत वाच. हार्कर नावाच्या पोराला गढीवर बोलावलंय ते लंडनजवळ पर्फ्लीटला घेतलेल्या घराच्या कागदपत्रांसाठी. लायब्ररीत लंडनची डिरेक्टरी, वकिलांची यादी, आर्मी-नेव्हीच्या याद्या, आणि एका संध्याकाळी हार्कर खोलीत येतो तर काउंटसाहेब सोफ्यावर आडवे पडून ब्रॅडशॉ वाचतायत, म्हणजे चक्क रेल्वेचं टाइमटेबल. त्याला लंडनच्या गर्दीत शिरायचंय, आणि काळजी कसली, तर उच्चारांची, तोंड उघडलं की लोकांनी वळून बघू नये एवढीच. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको, पुण्यात दोन वाक्यं बोललो की 'तुम्ही एमपीचे का?' हे प्रत्येकानं ऐकलेलंय.

मग ते मातीचे पन्नास खोके. वार्नाहून जहाजानं व्हिटबीला येतात, तिथून रेल्वेनं लंडन, आणि पुढे त्यातले काही पर्फ्लीटच्या घरात, काही माइल एंडला, काही बर्मंडसीला, काही पिकॅडिलीच्या घरात. एका पत्त्यावर विसंबायचं नाही. आणि हे खोके हलवायला माणसं लागतात, हमाल, गाडीवाले, जे पुढे हार्करनं दारूला पैसे हातावर ठेवले की सगळं भडाभडा सांगून टाकतात. मला या पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग हाच वाटतो, गढीतल्या तीन बायांपेक्षाही. शहरात अमर माणसालासुद्धा हमाली द्यावी लागते.

आता तुझ्या ड्राफ्टच्या कामाचं. लंडनमध्ये ड्रॅक्युला आपल्याला दिसतो किती? अगदी मोजक्या झलका. प्राणिसंग्रहालयातला लांडग्यांचा राखणदार पेपरवाल्याला सांगतो की कुणी एक उंच, लाल डोळ्यांचा, पांढरे हातमोजे घातलेला माणूस पिंजऱ्याशी येऊन बोलून गेला, आणि त्यानंतर लांडगा पळाला. भर दिवसा पिकॅडिलीत तो एका देखण्या मुलीकडे टक लावून उभा असलेला हार्कर आणि त्याची बायको मीना यांना दिसतो. शेवटी गोदीवरची माणसं सांगतात की काळ्या कपड्यांतला एक माणूस जहाज शोधत आला होता, आणि डोक्यावर काय, तर गवती हॅट, जी त्याला शोभत नव्हती आणि त्या दिवसांत कुणी घालतही नव्हतं. हा खरा टुरिस्ट! सगळं पाठ करून आला आणि टोपीत फसला.

यातली गोम अशी की ड्रॅक्युलाला स्वतःची डायरी नाही. बाकी बऱ्याच जणांना आहे. त्याचं हिंडणं दुसऱ्यांच्या बोलण्यातून, तारांमधून, बिलांमधून जोडत जावं लागतं, म्हणून ते भीतीदायक आहे. १९७६ मध्ये ॲन राइसनं हे उलटं केलं, तिथे व्हॅम्पायर स्वतः समोर बसून टेप लावून आपली हकीकत सांगतो, न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्या, मग पूर्व युरोपात आपल्यासारखे कुणी भेटतात का याचा शोध, मग पॅरिस. तिथे भीती कमी होते पण एकटेपणा वाढतो, कारण गल्ल्या त्याच्या डोळ्यांनी दिसतात. दोन्ही रस्ते चालतात. तू मधोमध उभा आहेस: बघतोय व्हॅम्पायर, पण आवाज मात्र त्याच्या मागून छत्री धरून चालणाऱ्या माहितीवाल्याचा, 'हा सात मजली राजवाडा होळकरांनी बांधला'. दोनशे वर्षं जगलेला माणूस असं नाही बोलणार. तो म्हणेल, हा जळला तेव्हा मी कुठे होतो. (१९८४ ला आग लागली होती, ती तुझ्या चाळीस पानांत कुठेच नाही.)

म्हणून आधी ठरव, तुझा माणूस रुथवेनसारखा आला-गेला आहे, ड्रॅक्युलासारखा बस्तान मांडणारा आहे, की इथेच राहून शहर बदलताना बघत हिंडणारा. या तिसऱ्या जातीचा माझा आवडता नमुना म्हणजे जिम जार्मुशचा २०१३ चा ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह. त्यात नवरा डेट्रॉइटला, बायको टँजियरला, भेटायला यायचं तर फक्त रात्रीच्या फ्लाइट्स जोडून यावं लागतं, आणि तो तिला गाडीतून रिकामं झालेलं डेट्रॉइट दाखवतो, एकेकाळचं थाटामाटाचं थिएटर जिथे आता गाड्या पार्क होतात. स्वतःच्याच शहरात टुरिस्ट होणं, हे फक्त ज्याला मरण नाही त्यालाच जमतं.

आणि यासाठी इंदूरसारखं शहर नाही, तू त्याला उगाच छप्पन दुकानांत उभा केलायस. त्याला गिरणगावात ने. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, कामगारांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि त्या मधल्या वर्षांतही अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघत राहिली. बंद मिल, थकलेले पगार, आणि वर्षातून एका रात्री दिव्यांनी झगमगत ती रस्त्यावरून जाते, पहाटेपर्यंत अख्खं शहर जागं. मेलेलं आणि तरीही रात्री बाहेर पडणारं असं जे काही असतं, ते तुझ्या शहरात तुझ्या हिरोच्या आधीपासून आहे! भांडवल हे जिवंत श्रमाचं रक्त शोषून जगणारं मृत श्रम आहे असं मार्क्सनं १८६७ मध्ये लिहिलं तेव्हा त्यानं व्हॅम्पायरचाच दाखला दिला होता. तू भाषण नको लिहूस, फक्त त्याला त्या रात्री गर्दीत उभा कर. शिवाय प्लॉटच्या दृष्टीनं ही त्याची वर्षातली सगळ्यात सोयीची रात्र: लाखभर अनोळखी माणसं, लहान मुलं खांद्यावर, आणि उशिरा घरी येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

'आपल्याकडे बसतो का' याचं उत्तर देताना लोक लगेच वेताळ काढतात, तू पण काढला आहेस, म्हणून सांगते. तिकडेही तो पूल आहेच, रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये आपल्या वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा नावात व्हॅम्पायरच घातला. पण स्वभाव बघ ना. कथासरित्सागरातला राजा पैठणचा, गोदेकाठच्या प्रतिष्ठानचा, उज्जैन नंतर चिकटलं; तो प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि वेताळ त्याच्या पाठीवर बसून गोष्टी सांगतो. म्हणजे पायपीट राजाची, वेताळ नुसता प्रवासी. कोकणात तर त्याहून गंमत, वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि वहाणा झिजतात. हा पक्का स्थानिक, हद्द सांभाळणारा. व्हॅम्पायर हद्द ओलांडून येणारा. दोघे एकच आहेत असं म्हणून मोकळा होऊ नकोस, उलट दोघांना समोरासमोर आण. रात्री हिंडायचा हक्क कुणाचा, यावर त्यांचं जे वाजेल ती खरी मराठी व्हॅम्पायर कथा होईल, आणि ती अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

आता नियम. तू पहिल्या पानावर 'ऊन लागलं की राख' लिहून टाकलंस आणि तिथेच निम्मं शहर गमावलंस. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा फिरतो, फक्त त्याची ताकद चालत नाही. उन्हानं मरणं आलं ते सिनेमातून, १९२२ च्या नोस्फेरातूपासून. तर तुला दोनपैकी एक निवडायचंय, आणि ती निवड म्हणजेच कुठल्या जागा उघड्या आणि कुठल्या बंद याचा निर्णय. ऊन चालत नसेल तर लालबाग पॅलेस गेला, म्युझियम गेलं, काच मंदिर गेलं, सगळं संध्याकाळी बंद. लालबागचं फाटक, जे लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं केलंय, ते तो बाहेरूनच बघणार, आणि लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला ते रात्री अचानक समोर दिसणं हा चांगला सीन आहे बरं का. माणिकबाग तर दिवसाही अवघड. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतलेला तो वाडा आज कर खात्याचं ऑफिस आहे, तिथे निमंत्रण मिळतं पण नोटिशीच्या रूपात.

ऊन चालत असेल तर मात्र काच मंदिर सोडू नकोस. आरशात न दिसणं हे स्टोकरचं देणं, दाढी करताना हार्करला मागे उभा काउंट आरशात दिसत नाही तो प्रसंग. आणि इथे सेठ हुकुमचंदांनी भिंती, खांब, छत, जमीन सगळं काचेनं मढवून ठेवलंय, एक मूर्ती असंख्य वेळा दिसते अशी खोली आहे. शाळेची सहल आत, प्रत्येक पोराची शंभर पोरं झालीयत, आणि मधे एक जागा रिकामी. एका पोरालाच ती दिसते. तेवढं पुरे, रक्ताचा थेंब नको. मिल काढणारे शेठ आणि हे मंदिर बांधणारे शेठ एकच, हा धागा वापर किंवा नको वापरूस, पण माहीत असू दे.

तासांचा हिशोब कर. इंदूरला जूनच्या अखेरची रात्र साधारण साडेदहा तासांची, डिसेंबरातली सव्वातेरा. लंडनला जूनमध्ये जेमतेम साडेसात आणि डिसेंबरात सोळा. म्हणजे लंडनचा व्हॅम्पायर हिवाळ्यात चरतो आणि उन्हाळ्यात उपाशी, आपल्या इथे तो बारमाही. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. पण येणार कसा? मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसनं निघाला तर रात्र सगळी गाडीत जाणार आणि इंदूर येईल ते चांगलं ऊन वर आल्यावर, एसी डब्यातल्या पडद्यावर भरवसा ठेवून कुणी दोनशे वर्षं जगत नाही. स्लीपर बसचं तेच. संध्याकाळनंतरचं विमान, नाहीतर खोक्यात बसून ट्रान्सपोर्टनं, देवास नाक्याच्या एखाद्या गोडाउनमध्ये. ते खोकं उतरवणाऱ्या हमालाला नाव दे, बायको दे, पाठदुखी दे.

उतरेल कुठे हा तर मला सगळ्यात मजेचा भाग वाटतो आणि तू तो 'एका हॉटेलात' एवढ्या दोन शब्दांत संपवलायस. परदेशी पासपोर्ट असेल तर हॉटेलवाल्याला चोवीस तासांत एक फॉर्म भरून कळवावं लागतं, घरी ठेवून घेतलं तरी भरावा लागतो. देशी असेल तर आधार, जन्मतारीख, फोटो. फोटोत तो येतो का? आरशाचा नियम कॅमेऱ्यालाही लागू करायचा की नाही हे तू ठरव, पण ठरव, कारण सराफ्यात पावलोपावली सीसीटीव्ही आहे आणि प्रत्येक कचोरीचा कुणीतरी व्हिडिओ काढतंय. मला विचारशील तर त्याला रामबागेत एखाद्या मराठी काकूंकडे पेइंग गेस्ट ठेव. बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही हा नियम आणि 'अहो असे दारात काय उभे, आत या, चहा टाकते' हे वाक्य, यांची गाठ पडली की अर्धं काम झालं. २०१४ च्या व्हॉट वी डू इन द शॅडोजमध्ये वेलिंग्टनचे व्हॅम्पायर क्लबच्या दाराशी उभे राहून बाउन्सरला विनवतात की आम्हाला आत या म्हण, आणि ते हसू येतं कारण तिथे कुणी कुणाला बोलावत नाही. आपल्या इथे उलट आहे, इथे त्याला नाही म्हणताच येणार नाही. सारखं जेवायचा आग्रह. उपास सांगेल तर साबुदाण्याची खिचडी पुढे येईल.

आणि लसूण! स्टोकरच्या पुस्तकात लसणाची फुलं हार्लेमहून मागवावी लागतात, इथे लसणाची शेव पुड्या भरून प्रत्येक नाक्यावर, पोह्यावर शेव, चाटवर शेव, काहीच नसेल तर नुसती मूठभर शेव. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर जो बाजार भरतो, भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा, त्यात तो पहिला प्रश्न काय विचारेल? 'भिया, जैन मिलेगा?' हे एक वाक्य तुझ्या सराफ्याच्या सगळ्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं, त्याची अडचण, त्याची हुशारी, आणि तो इथे किती वर्षं आहे ते. माझ्या मते सराफ्याची तुझी अकरा पानं काढून तिथे हा एक संवाद ठेव, आणि मग सीन त्याच्याकडून काढून घेऊन रात्री दोननंतर झाडायला येणाऱ्या बाईला दे. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, म्हणजे रात्रीचं झाडणारी माणसं रोज त्याच रस्त्यावर त्याच वेळेला असतात. कुठल्या ओट्यावर कोण झोपतं, आज कोण नाही, हे पोलिसांच्या आधी त्यांना कळतं.

बाई म्हटल्यावर एक अजून. शहरात निरुद्देश रात्री भटकणं ही चैन कथांमध्ये बहुतेक पुरुषांची, कारण बाई तशी भटकली तर लगेच दुसरीच कथा सुरू होते. २०१४ मध्येच ॲना लिली अमीरपूरनं फारसी भाषेतला एक सिनेमा काढला, अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट, त्यात चादोर घातलेली मुलगी रात्री रिकाम्या रस्त्यावरून स्केटबोर्डवर जाते आणि भ्यायचं ते पुरुषांनी. मी रात्रीच्या फेऱ्या घालते तेव्हा ग्रुप बरोबर असतो म्हणून. एकटीनं कृष्णपुरा छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्या) रात्री एक वाजता नुसतं नदीकडे बघत उभं राहावं असं कितीही वाटलं तरी राहता येत नाही, दहा मिनिटांत कुणीतरी 'मॅडम कुछ प्रॉब्लेम?' करत येतंच, आणि ते चांगल्या मनानं विचारलेलं असलं तरी उभं राहणं संपतं. म्हणून विचारते, तुझा व्हॅम्पायर पुरुषच का आहे? बदलायलाच पाहिजे असं नाही, पण तो बाई असता तर ही चाळीस पानं कंटाळवाणी झाली नसती, कारण प्रत्येक वळणावर कुणीतरी तिला हटकलं असतं आणि तिनं त्याचं काहीतरी केलं असतं.

युरोपीय नावं, काळा झगा, वटवाघळं वगैरेबद्दल तू विचारलंयस त्यावर फार वेळ घालवू नकोस. वटवाघळं ठेव, मालव्यात पुष्कळ आहेत. झगा काढ.

शेवटचं म्हणजे त्याचं जाणं, जे तू अजून लिहिलेलं नाहीस. ड्रॅक्युला लंडन सोडतो तेव्हा त्याच्याकडे एकच खोकं उरलेलं असतं, तो पुन्हा जहाज बघतो, आणि पाठलाग करणारे ओरिएंट एक्सप्रेसनं पुढे जाऊन थांबतात. पुढे तो कुठल्या वाटेनं गढी गाठेल हे मीना कागद मांडून शोधून काढते, आणि गाड्यांची टाइमटेबलं तर तिला पाठच असतात. ब्रॅडशॉ वाचत आलेल्या माणसाला ब्रॅडशॉनंच घेरलंय. तुझ्या कादंबरीतही त्याला पकडणारं माणूस बाहेरून आणू नकोस, मांत्रिक नको, प्रोफेसर नको. ज्यांनी त्याला इथे राहू दिलं त्यांच्यातूनच निघू दे: फॉर्म भरणाऱ्या काकू, खोकं उतरवणारा हमाल, झाडणारी बाई. त्यांना प्रत्येकाला एक-एक तुकडा माहीत आहे. ते एकमेकांना कुठे भेटतील एवढं शोध, आणि सराफ्याचं प्रकरण नव्यानं लिहून झालं की पाठव, बाकीचं त्यानंतर बघू.